बावखलाकाठचा काळोख

वसईत थंडी येते ती संकोची पाहुण्यासारखी. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, यांच्या मध्ये वसलेल्या आमच्या या भूमीला कडाक्याचा हिवाळा ठाऊक नाही. तरीही डिसेंबरच्या मध्यास एखाद्या संध्याकाळी वाडीतल्या केळीच्या पानांवर दव उतरू लागते, पानमळ्यातून ओला, तिखट गंध येतो, म्हातारी माणसे कानांना मफलर गुंडाळून ओट्यावर बसतात आणि कुणाच्या तरी अंगणातील माडावर पहिला तारा लागतो. आकाशातला नव्हे, कामट्यांचा आणि कागदाचा. उपासनेच्या दिनदर्शिकेतला आगमनकाळ त्याआधीच सुरू झालेला असतो. परंतु आमच्या लोकांच्या हिशेबी नाताळ सुरू होतो तो या ताऱ्यापासून.

आमच्या बालपणी, म्हणजे सुमारे पन्नास वर्षांपूर्वी, तारा बाजारातून विकत आणणे हे कमीपणाचे मानले जाई. वडील कोयत्याने बांबू फाडून कामट्या काढीत. पाच पाच कामट्यांचे दोन तारे बांधायचे, ते एकमेकांवर ठेवून टोके सुतळीने आवळायची आणि मध्ये आडव्या काड्या घालून पोट फुगवायचे. आई तांदळाच्या पिठाची खळ शिजवून देई. पतंगाचा कागद चिकटवताना आम्हां भावंडांत जी भांडणे होत, त्यांतूनच तो तारा घडे. शेजारचे घर हिंदू होते. दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेल्या कामट्या तिकडून आमच्याकडे येत आणि त्यांतल्याच एखाद-दोन कामट्या येशूबाळाच्या ताऱ्यात लागत. कामटीला धर्म नसतो, हे आम्ही सेमिनरीत जाण्यापूर्वीच शिकलो होतो.

ताऱ्याखाली गोठा. भाताचा पेंढा, डोंगरांसाठी चुन्यात आणि कावेत बुडवलेले गोणपाट, हिरवळीसाठी पसरट भांड्यात रुजत घातलेली नाचणी आणि तळ्यासाठी वडिलांचा दाढीचा आरसा. नाताळच्या आठवड्यात वडील खिडकीच्या काचेत पाहून दाढी करीत. पण आरसा परत मागत नसत. प्रकाश म्हणाल तर ताऱ्यात एक दिवा आणि गोठ्यात एक. वीज गेली, आणि ती वारंवार जाई, की मेणबत्ती. एका वर्षी त्या मेणबत्तीने आमचा तारा पेटला. आम्ही रडू लागलो. तेव्हा आजी म्हणाली, “रडता कशाला? आज तो सगळ्यांत जास्त उजळला.”

हे सारे आठवण्याचे कारण असे, की गेल्या आगमनकाळात आम्ही धर्मग्रामातील तरुणांना आल्तारावरून चांगलेच फटकारले.

घराघरांतला गोठा केव्हाच अंगणात आला, अंगणातून आळीच्या नाक्यावर गेला आणि आता तर एकेक आळी म्हणजे एकेक दृश्यच होऊन बसली आहे. नोव्हेंबर सरत आला, की युवक मंडळांची मुले कामावरून परतल्यावर रात्री बारा-एकपर्यंत खपत असतात. माडांना खालपासून शेंड्यापर्यंत दिव्यांची वेटोळी, रस्त्यावर प्रकाशाच्या कमानी, विहिरीवर, रहाटाच्या जुन्या खांबांवर, गुरांविना रिकाम्या पडलेल्या गोठ्यांवर रंगांचे झोत. नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंत रात्री माणसांची रीघ लागते. विरार, नालासोपारा येथील इमारतींतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, आळ्या पायी हिंडतात आणि छायाचित्रे काढतात. शहरांत प्रकाशकलेची प्रदर्शने भरतात असे आपण वाचतो. आमच्याकडे ते प्रदर्शन भरते. फक्त त्याला तिकीट नसते आणि त्यातला कलावंत दिवसा कुठे गवंड्याच्या हाताखाली, कुठे बँकेच्या काउंटरमागे असतो.

आम्ही हे सारे पाहत होतो. पण मोटारसायकलवरून आणि घाईत. त्यामुळे आम्हांला दिसली ती केवळ उधळपट्टी. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी आम्ही प्रवचनात विजेच्या बिलाचा हिशेब मांडला. बेथलेहेमच्या गोठ्यात एखादी पणती असेल-नसेल, तुम्ही त्याची जत्रा केलीत, असेही म्हणालो. शेवटी, ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तोच या झगमगाटात कुणाला दिसत नाही, असे एक वाक्य टाकले. वाक्य आम्हांला आवडले होते. आगमनकाळाचा तिसरा रविवार हा ख्रिस्तसभेत आनंदाचा रविवार मानला जातो आणि त्या दिवशी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र परिधान करू शकतो. गुलाबी वस्त्रांत उभे राहून आम्ही तरुणांना झोडपत होतो, ही विसंगती आमच्या ध्यानात आली ती मिस्सा संपल्यावर, साक्रिस्तीत.

मुलांनी वाद घातला नाही. नाताळनंतर त्यांच्यातील एकजण फक्त एवढेच म्हणाला, “फादर, एकदा रात्री आमच्याबरोबर चालत या. गाडी आणू नका.”

२७ डिसेंबरला, संत योहानाच्या सणाच्या रात्री, आम्ही निघालो. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभच प्रकाशाच्या शब्दांनी होतो, हा योगायोग वाचकांच्या लक्षात आला असेलच. नऊ वाजून गेले होते. पूर्वेकडे मृग नक्षत्र बरेच वर आले होते आणि त्याच्या पाठोपाठ व्याधाचा तारा. खांद्यावर शाल घेतलेली, पायांत वहाणा आणि बरोबर चार मुले. वसईतील रस्ते आम्ही किती वर्षे तुडवीत आहोत! आजाऱ्याला संस्कार द्यायला, भांडणे मिटवायला, घरांना आशीर्वाद द्यायला. पण निव्वळ पाहण्यासाठी चाललो होतो ते बहुधा पहिल्यांदाच.

पहिल्याच वळणावर आम्ही थबकलो. एक केळीची बाग. मुलांनी तिला एकही माळ गुंडाळली नव्हती. फक्त जमिनीवर, बुंध्यांच्या मागे, वर तोंड करून हिरवट दिवे ठेवले होते. केळीच्या पानातून प्रकाश आरपार जातो, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. पण पानाची मधली शीर आणि तिच्यापासून फुटणाऱ्या असंख्य समांतर रेषा इतक्या स्पष्ट आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. वारा आला, की साऱ्या बागेच्या भिंती हलत. ज्या पानावर आयुष्यभर जेवलो, ते आम्ही त्या रात्री वाचले.

पुढच्या आळीत कमानी होत्या. त्यांतले दिवे एकामागून एक रंग बदलत होते. आम्ही त्यातले तंत्र विचारले तेव्हा, खासगी कंपनीत विजेची कामे करणारा एक मुलगा थांबून समजावू लागला. “या प्रत्येक दिव्यात तीन दिवे आहेत, फादर. लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येकाच्या पोटात एक चिप आहे. मागून येणाऱ्या हुकमांतला आपल्यापुरता हुकूम तो ठेवून घेतो आणि उरलेले पुढच्याला देतो. तिन्ही सारखे पेटले, की पांढरा दिसतो.” मग जरा हसून तो म्हणाला, “आणि या अख्ख्या कमानीला तुमच्या इस्त्रीएवढीही वीज लागत नाही.” आमच्या प्रवचनातल्या बिलाला मिळालेले ते उत्तर होते, आणि ते अदबीने दिलेले होते.

नंतर आम्ही या गोष्टीचा थोडा मागोवा घेतला. लाल आणि हिरवे अर्धवाहक दिवे १९६० च्या दशकातच तयार झाले होते. अडले होते ते निळ्यापाशी. तो सापडेना, आणि निळ्यावाचून पांढरा प्रकाश होईना. इसामु अकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खपून १९९० च्या दशकाच्या आरंभी तेजस्वी निळा दिवा सिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातील नाताळवृक्षावर ऐंशी रंगीत विजेचे दिवे लावले, तेव्हा ते श्रीमंतांचे कौतुक होते. आज वसईतला एक वायरमन आपल्या आळीत कित्येक पट अधिक दिवे लावतो आणि त्याची आई बिलाची चिंता करीत नाही. सृष्टीतला प्रकाश देवाचा आहे असे आम्ही शिकवतो. पण तो असा घरोघरी पोहोचायला किती माणसांच्या जागरणाची गरज पडली, हे आम्ही सांगत नाही.

रस्त्यात गर्दी होती. पण गोंगाट नव्हता. ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद होणार म्हणून कॅरल गीते आधीच उरकली होती. एक आजीबाई चाकांच्या खुर्चीत होत्या. मिस्सेला येणे त्यांना दोन वर्षांपासून जमलेले नाही, आम्ही पवित्र साक्रामेंत घेऊन त्यांच्याकडे जात असतो. आज त्यांचा नातू त्यांना आळीआळीतून फिरवत होता. “फादर, मी सगळे बघितले,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चष्म्याच्या काचांत कमानीचे रंग सरकत होते. नालासोपाऱ्याहून आलेले एक गृहस्थ आपल्या मुलीला गोठ्यातील तीन राजांची माहिती देत होते. त्यांनी राजांची नावे चुकीची सांगितली. आम्ही दुरुस्त केली नाहीत. आळीतल्या एका हिंदू घराने दिवाळीचा कंदील उतरवला नव्हता. “राहू दे म्हटले. तुमच्या ताऱ्याला सोबत,” घरमालक म्हणाले. आम्हांला आमच्या बालपणीच्या त्या कामट्या आठवल्या.

चालताना मनात दोन रात्री येत होत्या. पहिली १२२३ सालची. इटलीतील ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने डोंगराच्या कपारीत गवताने भरलेली गव्हाण मांडली, बैल आणि गाढव आणले. मेरी, योसेफ, मेंढपाळ यांच्या मूर्ती तेथे नव्हत्या. पात्रे होती ती आसपासच्या गावांतून आलेली माणसे, आणि ती येताना मशाली व मेणबत्त्या घेऊन आली होती. जगातल्या साऱ्या नाताळगोठ्यांचे मूळ आपण ज्या रात्रीत शोधतो, ती रात्र गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी उजळलेली होती. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गोठ्याविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी केली आणि गोठा मांडण्याची ही प्रथा जपावी असे आवर्जून सांगितले. हे पत्र आम्ही वाचले होते. आमच्या मुलांनी वाचले नव्हते. त्यांनी ते अमलात आणले होते.

दुसरी रात्र फ्रान्समधील लिआँ शहराची. तेथील फुर्व्हिएर टेकडीवर पवित्र मरियेच्या पुतळ्याचे अनावरण १८५२ च्या सप्टेंबरात व्हायचे होते. नदीच्या पुरामुळे ते ८ डिसेंबरवर गेले. त्या दिवशी वादळाची चिन्हे दिसू लागली. आतषबाजी रद्द करण्याची वेळ आली. संध्याकाळी आभाळ निवळले आणि कुणीही न सांगता लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. सारे शहर उजळले. आज त्याच तिथीच्या सुमारास लिआँमध्ये जगभरचे कलावंत इमारतींवर, चौकांत, नदीकाठी प्रकाशाच्या कलाकृती मांडतात आणि लाखो लोक कडाक्याच्या थंडीत पायी हिंडून त्या पाहतात. इतक्या मोठ्या सोहळ्याचे बीज कोणते? तर आतषबाजी होणार नाही असे वाटल्यावर घरातून उचलून खिडकीत ठेवलेली एक मेणबत्ती.

या विचारांत आम्ही शेवटच्या आळीपाशी आलो. येथे एक बावखल आहे. परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की बावखल म्हणजे वाडीला पाणी मिळावे म्हणून आमच्या पूर्वजांनी खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. त्यावर रहाट चाले, पावसाळ्यात त्यात पाणी मुरे आणि भोवतालच्या विहिरी त्यामुळे जिवंत राहत. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांपलीकडे गेली होती. माणसांना घरे हवी होती, घरांना जमीन हवी होती, आणि कित्येक बावखले मातीच्या भरावाखाली गेली. हे एक उरले आहे. मुलांनी त्यात केळीच्या खांबांचा तराफा सोडून त्यावर गोठा तरंगत ठेवला होता. एकच पिवळा दिवा. पाण्यातही एकच. वडिलांच्या दाढीच्या आरशातले तळे आम्ही लहानपणी मांडीत होतो; येथे खरे तळेच आरसा झाले होते. आम्ही बराच वेळ काठावर उभे राहिलो. आमचे प्रवचन चुकले होते, हे आता मान्य करायला आम्हांला फारसे जड गेले नाही.

पण माणसाचा स्वभाव पाहा. चूक मान्य करताना आमची नजर त्या मुलांच्या कामात एखादी उणीव शोधत होती, आणि ती आम्हांला सापडली. बावखलाच्या पलीकडे रस्ता वळतो. अलीकडे कमानी होत्या, पुढे पुन्हा कमानी दिसत होत्या. मधला सुमारे पन्नास पावलांचा तुकडा मात्र संपूर्ण काळोखात होता. तेथे ना माळ, ना तारा. एवढ्या शोभेत ते दात पडल्यासारखे दिसत होते.

“काय रे, येथली वायर जळली वाटते?” आम्ही म्हटले. “की दिवे संपले?”

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग तो वायरमन हळू आवाजात म्हणाला, “फादर, ते घर आहे ना, म्हणून नाही लावले.”

आम्हांला क्षणभर काहीच समजले नाही. मग काळोखात डोळे स्थिरावले. माडांच्या आड ते कौलारू घर दिसले, आणि समजले.

त्या घरातला कर्ता पुरुष जुलैमध्ये वारला होता. हृदयविकाराचा झटका, वाडीतच, पाणी लावताना. अंत्यविधीची मिस्सा आम्हीच केली होती. भर पावसात, छत्र्यांच्या दाटीत, त्याच्या थडग्यावर पवित्र पाणी आम्हीच शिंपडले होते. महिन्याच्या मिस्सेनंतर त्याच्या पत्नीने आम्हांला चर्चच्या दारात थांबवून म्हटले होते, “फादर, एकदा घरी या.” आणि आम्ही म्हणालो होतो, “पाऊस उघडला, की येतो.”

पाऊस सप्टेंबरात थांबला. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. नोव्हेंबर तर मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या महिन्यात आम्ही दफनभूमीत साऱ्या थडग्यांवरून आशीर्वाद देत फिरलो होतो. त्या घरी मात्र गेलो नव्हतो. कामे होती, हे खरे. पण खरे एवढेच, की आम्ही विसरलो होतो.

ज्या घरी वर्षाच्या आत मृत्यू झालेला असतो, तेथे नाताळात तारा लावीत नाहीत, ही आमच्याकडची जुनी रीत. घरातल्यांनी न लावणे ही झाली रीत. शेजाऱ्यांनीही त्या घरासमोरचा रस्ता आपण होऊन मोकळा ठेवावा, हे कुठे लिहिलेले नाही. या मुलांना कुणी सांगितले नव्हते. दिव्यांत कुणी दिसत नाही, असे आम्ही आल्तारावरून त्यांना सुनावले होते. त्यांना ते घर दिसले होते. दिसले नव्हते ते आम्हांला.

“तुम्ही पुढे व्हा,” आम्ही मुलांना म्हटले, आणि काळोखात शिरलो.

दार नुसते लोटलेले होते. ओट्यावर मावशी बसल्या होत्या, मांडीवर वालाच्या शेंगा सोलायला घेतलेले सूप. आत आल्तारावर एक बारीक दिवा आणि त्यांच्या यजमानांचे छायाचित्र. आम्हांला पाहून त्या उठू लागल्या. आम्ही त्यांना बसवले आणि शेजारी ओट्यावर टेकलो. यायला उशीर झाला, असे काहीतरी आम्ही पुटपुटलो. पावसाचा उल्लेख करण्याचे धैर्य झाले नाही.

“आलात ना,” त्या म्हणाल्या. त्यांची बोली निराळी. ती येथे आम्ही प्रमाण भाषेत देत आहोत. “इथून सगळे दिसते, फादर. तिकडचेही, इकडचेही. माणसे जातात, मुले हसतात. अंधारात बसले, की उजेडातले चांगले दिसते.”

आम्ही विचारले, एकट्याने इथे बसवते का. त्या म्हणाल्या, “आत बसवत नाही.” मग थोड्या वेळाने, “तारा तेच करायचे. कामट्या माळ्यावर आहेत. गेल्या मार्चमध्येच फाडून ठेवल्या होत्या. म्हणाले, ऐन वेळी बांबू ओला मिळतो.”

यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो, सांत्वन कसे करावे याचेही पाठ घेतले. ते सारे त्या रात्री मूक होते. आम्ही सुपातल्या शेंगा सोलायला घेतल्या. बराच वेळ दोघांच्या बोटांचाच आवाज होता. मग मावशी स्वतःच जपमाळेतला एक दहाचा संच म्हणू लागल्या आणि आम्ही त्यात सूर मिळवला.

निघताना त्या आम्हांला थांबवीत म्हणाल्या, “फादर, मुलांना एक सांगा. त्यांनी आमच्यासाठी दिवे लावले नाहीत, ते मला समजले. देव त्यांचे भले करो. पण वळणावर अंधार फार आहे. बावखलाचा काठ तिथे ढासळला आहे. परवा एक लहान मूल अगदी कडेला गेले होते, मी इथून हाक मारली. शोभेचा नको. पण साधा एक दिवा लावा म्हणावे.”

मुले पुढे गेली नव्हती. वळणावर, काळोखाच्या कडेला, आमची वाट पाहत उभी होती. आम्ही निरोप सांगितला. कुणी काही बोलले नाही. पंधरा-वीस मिनिटांत कुणाच्या तरी घरून होल्डर आला, कुणाच्या तरी पडवीतला पांढरा दिवा आला आणि तो रस्त्याकडे तोंड करून, घराकडे त्याचा झोत जाणार नाही अशा बेताने, वर पत्र्याची ओंजळ धरून, बावखलाकाठच्या माडाला बांधला गेला. ढासळलेला काठ दिसू लागला. तेथून ओट्यावरची मावशींची सावली दिसत नव्हती; पण त्या पाहत होत्या हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

परतताना आम्ही एकटेच होतो. पास्काच्या जागरणाच्या रात्री ख्रिस्तसभा काय करते, ते आठवत होते. त्या रात्री आधी चर्चमधले सारे दिवे मालवले जातात. बाहेर नवा अग्नी पेटवला जातो, त्यावर पास्काची मेणबत्ती लावली जाते आणि मग ती एकटी मेणबत्ती काळोखातून आत येते. सेमिनरीत हा विधी शिकवताना आमचे प्राध्यापक सांगत, की घाई करून दिवे लवकर लावू नका. काळोख हाही विधीचाच भाग आहे. इतकी वर्षे आम्ही तो विधी करीत आलो आहोत. दिवे केव्हा मालवायचे, हे आम्हांला पुस्तकातून ठाऊक होते. त्या मुलांना ते शेजारधर्मातून ठाऊक होते, आणि ते त्यांनी अधिक नेमकेपणाने केले होते. लिआँच्या लोकांनाही ते एकदा करावे लागले. २०१५ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये दहशतवाद्यांनी शेकडो निरपराधांना ठार-जखमी केले, तेव्हा त्या वर्षीचा लिआँचा प्रकाशसोहळा रद्द झाला. कलावंतांचे झोत पेटले नाहीत. मृतांच्या स्मरणार्थ लोकांनी पुन्हा फक्त खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. प्रकाशाची कला त्या शहराला दीडशेहून अधिक वर्षे अवगत आहे. म्हणूनच हे त्यांना सुचले असावे.

१ जानेवारीच्या मिस्सेत आम्ही आमचे आधीचे शब्द मागे घेतले. विजेच्या बिलाबद्दलचेही, आणि त्या आवडत्या वाक्याबद्दलचेही. कारण सविस्तर सांगितले नाही. दुखवट्याच्या घराची गोष्ट आल्तारावरून सांगायची नसते. येथेही आम्ही गाव वा नाव लिहिलेले नाही. मुलांनी मान खाली घातली होती. आम्हीही.

तीन राजांच्या सणानंतर कमानी उतरल्या. माळा गुंडाळून खोक्यांत गेल्या. केळीच्या बागेमागचे दिवे निघाले आणि पाने पुन्हा जेवणाची पाने झाली. तराफा वाडीत खतासाठी टाकला गेला. जानेवारीच्या अखेरीस, शेंगांना निमित्त करून, आम्ही पुन्हा मावशींकडे गेलो. त्यानंतर महिन्यातून एकदा जात असतो. माळ्यावरच्या कामट्या त्यांनी काढून दाखवल्या. चांगल्या वाळल्या आहेत, पिवळ्याधमक. वर्ष उलटले, की त्यांचा तारा व्हायचा आहे, आणि तो बांधायला तो वायरमन येणार आहे, असे त्या म्हणाल्या.

बावखलाकाठचा तो साधा दिवा मात्र कुणी उतरवला नाही. तो रोज संध्याकाळी लागतो.